विंडलास म्हातारा झालाय: दुरुस्त करावा की नवा घ्यावा?

अर्धा_खलाशी | १४ जुलै

मंडळी, होडीवाल्यांसाठी (आणि होडीवाल्यांना सहन करणाऱ्यांसाठी) प्रश्न आहे.

आम्हा तीन मित्रांची मिळून एक ३१ फुटी फायबरची शिडाची होडी आहे. वय माझ्याहून थोडंच कमी. हंगामात गेटवेसमोर बोयाला बांधलेली असते, सध्या पावसाळ्यासाठी खाडीतल्या यार्डात ताडपत्रीखाली झोपली आहे. नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, एक आडवा इंग्लिश विंडलास आहे, १२ व्होल्टचा, १९८० च्या दशकातला. बनवणारी कंपनी आता त्या नावाने उरलेली नाही, सुटे भाग मिळत नाहीत.

दोन वर्षं तो कुरकुरत होता. मेच्या पहिल्या आठवड्यात मांडव्याला त्याने मान टाकली. दुपारचा वायव्येचा वारा वाढलेला, निघायची घाई, बटण दाबलं तर नुसता 'टक्'. पुन्हा दाबलं तर अर्धा वेढा फिरला आणि साखळी खडखडत दात सोडून परत पाण्यात. शेवटी तिघांनी हाताने ओढली. साखळी चिखलाने माखलेली, आम्ही साखळीने. कमरेत भरलेली उसण जून संपेपर्यंत मुक्कामाला होती.

आता आमच्यात दोन तट पडलेत. एक भागीदार म्हणतो नवाच घ्या. जकात, कर, बसवणं धरून पावणेतीन लाखांचा आकडा आलाय. दुसरा म्हणतो वायंडिंगवाल्याकडे टाकू, पाच हजारांत काम. मी मध्ये, कंबर धरून.

साखळी ८ मिमी, ५० मीटर. नांगर ३५ पौंडी सीक्यूआर. मोटर १००० वॅटची असावी, पाटीवरची अक्षरं खाऱ्या वाऱ्याने खाल्लीत. ऑक्टोबरात होडी पाण्यात जायच्या आत ठरवायचंय. अनुभव सांगा.

ठाण्याचा_किशोर

विंडलास म्हणजे काय ते आधी सांगा हो. मला वाटलं घरचा म्हातारा कुत्रा. 'दोन वर्षं कुरकुरत होता, मान टाकली' इथपर्यंत वाचून डोळ्यांत पाणी आलं, मग '१२ व्होल्टचा' वाचलं.

अर्धा_खलाशी

:) नांगराची साखळी ओढून वर घेणारं यंत्र. एक मोटर, गिअरपेटी आणि साखळीच्या कड्या बसतील अशा खाचांचं चाक. त्या चाकाला जिप्सी म्हणतात.

शब्दवेडी

मराठीत याला सरळ रहाट म्हणावं. विहिरीवरचा रहाट पोहरा ओढतो, हा नांगर ओढतो. आडव्या दांड्याभोवती दोर गुंडाळायचा, तत्त्व तेच.

चीफ_निवृत्त

ताई, शब्द छान आहे, पण जहाजावर कुणी 'रहाट सुरू करा' म्हटलं तर सारंग (खलाशांचा मुकादम) बादली घेऊन येईल. आडवा दांडा तो विंडलास, उभा तो कॅप्स्टन, असा ढोबळ भेद.

ठाण्याचा_किशोर

कॅप्स्टन म्हटलं की मला आजोबांची सिगारेट आठवते. ते पण आडवे पडूनच ओढायचे.

तांडेलाची_लेक

आमच्याकडे करंजाला बोट आहे, ट्रॉलर. नांगर दोराने आणि माणसांनी येतो. जाळ्याला विंच आहे, मुख्य इंजिनावर चालतो, आत जुन्या ट्रकचं डिफरेन्शियल बसवलंय. बिघडला तर कुठलाही ट्रक-मेकॅनिक उघडू शकतो. तुमच्या इंग्लिश मशीनला हे जमत नाही, तिथेच खरी गोम आहे.

बाबांना धागा वाचून दाखवला. म्हणाले, "नांगर मशीननं उचलाचा, पन होडी इंजिनानं न्याची. मशीननं होडी वढली तं मशीन मरनारच." तुम्ही वाऱ्याविरुद्ध बटण दाबून होडी नांगराकडे ओढत होतात का?

अर्धा_खलाशी

...होय.

रेवस_रिटर्न

मीच तो 'नवा घ्या' म्हणणारा भागीदार. इथे माझी बदनामी चालू आहे म्हणून खातं उघडलं.

माझं म्हणणं साधं आहे. आम्ही तिघेही पन्नाशी ओलांडलेले. वारा वाढला आणि नांगर वर येईना, तर तो खर्चाचा नाही, जिवाचा प्रश्न. चाळीस वर्षांचं यंत्र दुरुस्त केलं तरी चाळीस वर्षांचंच राहतं. आणि 'पाच हजारांत काम' म्हणणाऱ्याने याआधी पंप 'आठशेत' केला होता. त्या पंपावर आजवर किती गेले ते मी इथे लिहीत नाही, तोही हे वाचतो.

चीफ_निवृत्त

सविस्तर लिहितो. जहाजांवर इंजिनखात्यात ३४ वर्षं काढली, निवृत्तीनंतर मित्रांच्या होड्यांवर फुकट हमाली करतो.

पहिला प्रश्न: बटण दाबल्यावर मोटरच्या टर्मिनलवर किती व्होल्ट येतात, हे कुणी मोजलं का? बॅटरीवर नाही, मोटरवर. रिकामी फिरताना नाही, भार असताना. हे न मोजता नवा विंडलास घेणं म्हणजे पंखा हळू फिरतो म्हणून घर बदलणं. 'टक्' आवाज आला म्हणजे कॉन्टॅक्टर (बटणाने चालणारा जड स्विच) बसतोय, पुढे वीज पुरेशी पोचत नाही.

हिशोब करा. १००० वॅट, १२ व्होल्ट म्हणजे ८० च्या वर अँपिअर, अडली की आणखी पुष्कळ. बॅटरी मागे, मोटर नाळेवर. जाऊन-येऊन १६ मीटर केबल धरू. ती १६ चौरस मिमीची असेल तर १०० अँपिअरला पावणेदोन व्होल्ट केबलमध्येच संपतात. ३५ चौरस मिमीला ०.८, ५० ला अर्ध्या व्होल्टच्या जरा वर. हे झालं नव्या कोऱ्या तांब्याचं. हिरव्या पडलेल्या केबलचं आणि काळ्या पडलेल्या लगचं (केबलच्या टोकाच्या जोडाचं) गणित देवालाच ठाऊक. इंजिन बंद ठेवून ओढत असाल तर बॅटरीही खाली बसते. नांगर उचलताना इंजिन चालूच हवं.

दुसरं, मोटर. बटण दाबून ठेवा आणि दुसऱ्याला मोटरच्या अंगावर लाकडी हातोडीने हलके ठोकायला सांगा. फिरायला लागली तर कार्बन ब्रश अडकलेत किंवा संपलेत. जुन्या टॅक्सीच्या सेल्फला ड्रायव्हर खाली वाकून पान्याने ठोकायचे, तोच प्रकार. आतून दोन्ही यंत्रं चुलतभाऊ. फरक इतकाच की सेल्फ काही सेकंद चालतो, विंडलास काही मिनिटं, म्हणून त्याला उष्णता जास्त सोसावी लागते.

तिसरं, गिअरपेटीतलं तेल. थोडं काढून बघा. काळं असेल तर म्हातारपण. दुधाळ असेल तर पाणी शिरलंय, म्हणजे सील गेलं आणि बेअरिंगही बहुधा गेली.

चौथं, साखळी दात सोडते. हा विजेचा दोष नाहीच. तो वेगळा रोग आहे, दोन रोग एकाच दिवशी दिसले एवढंच. साखळी आणि जिप्सी एकमेकांच्या मापाची आहेत का?

करंजाच्या तांडेलांनी जे सांगितलं ते जहाजावरही तसंच. विंडलास उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. नांगरल्यावर जहाजाचा भार स्टॉपरवर, म्हणजे साखळी अडकवून धरणाऱ्या खिळीवर, देतात. होडीवर नायलॉनचा दोर साखळीला आकड्याने अडकवून तो भार खुंटाळीवर (डेकवरच्या दोर बांधायच्या खुंटावर) द्यायचा. तुम्ही देता का?

अर्धा_खलाशी

चीफसाहेब, साष्टांग नमस्कार. दोर देतो... बहुतेक वेळा. बाकीची उत्तरं रविवारी यार्डात जाऊन.

पाटकर_बोरिवली

मला एक कळत नाही. मुंबईच्या उथळ पाण्यात विंडलास हवाच कशाला? ८ मिमी साखळी मीटरला साधारण १.४ किलो. ५० मीटर म्हणजे ७० किलो हे खरं, पण सगळी हवेत लटकत नाही. ८ मीटर पाण्यात लटकणारी साखळी ११ किलो आणि नांगर १६ किलो. सत्तावीस किलो. आमच्या चाळीत याहून जड गॅस सिलिंडर चौथ्या मजल्यावर जातो.

तांडेलाची_लेक

पाटकरकाका, सिलिंडरला मागून वीस नॉटचा वारा ओढत नसतो. आणि सिलिंडर चिखलात रुतलेला नसतो. आपल्या बंदरातला चिखल नांगर गिळतो, नुसता धरत नाही.

पाटकर_बोरिवली

बरोबर. चाळीत फक्त घरमालक ओढायचा.

चीफ_निवृत्त

पाटकरांचा हिशोब चुकीचा नाही. कमी वाऱ्यात, इंजिनाने नांगराच्या डोक्यावर जाऊन साखळी उभी केली की एक माणूस हाताने घेऊ शकतो. चिखलात रुतला असेल तर साखळी उभी ताठ करून खुंटाळीला बांधा आणि पाच मिनिटं बसा. लाटेबरोबर नाळ वर-खाली होते, ती नांगर सोडवून देते. पण वारा अंगावर, काळोख पडलेला आणि माणूस ५५ वर्षांचा असेल तेव्हा हा हिशोब कागदावरच राहतो.

निवड करताना माझा ठोकताळा: नांगर आणि सगळी साखळी यांच्या वजनाच्या तिप्पट ताकद हवी. इथे १६ अधिक ७० म्हणजे ८६, तिप्पट सुमारे २६० किलो. हा आकडा सहज उचलून धरण्याचा असावा, 'एकदा जीव खाऊन ओढेल' तो नाही. कॅटलॉगात मोठ्या अक्षरांत दुसराच छापतात.

शब्दवेडी

सीक्यूआर म्हणजे तो नांगराच्या फाळासारखा दिसणारा ना? आपल्याकडे शेतातला तोही नांगर आणि समुद्रातला हाही नांगर. म्हणजे हा नांगराचा नांगर झाला.

चीफ_निवृत्त

वा! त्याची मजा अशी की तो शोधला एका भौतिकशास्त्रज्ञाने. जेफ्री इंग्रॅम टेलर, द्रवांच्या गतीवर काम करणारा मोठा माणूस. १९३३ साली होडीसाठी हलका नांगर हवा म्हणून त्याने फाळाचा नांगर केला. शेतात बैल पुढे आणि फाळ मागे. इथे बैलाच्या जागी होडी, फक्त तिने पुढे जाऊ नये अशी अपेक्षा.

ठाण्याचा_किशोर

आमच्या ऑफिसात असे बरेच जण आहेत. नांगर टाकून बसलेले.

लेथवाला_माझगाव

सुट्या भागांबद्दल लिहितो. पोटापाण्याचा धंदा टर्निंगचा.

सील आणि बेअरिंगला घाबरू नका. कंपनी बंद पडते, माप बंद पडत नाही. जुन्या सीलवर तीन आकडे असतात, आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. ३५-५२-७ असं काही. पुसले असतील तर व्हर्नियर लावा. नागदेवीला तासाभरात मिळेल. पण नुसतं सील बदलून भागत नाही. जुन्या सीलने दांड्यावर चर पाडलेला असतो, नखाला लागतो. त्यावर नवं सील बसवलं तर सहा महिन्यांत परत पाणी. दांड्यावर पातळ स्लीव्ह चढवून घ्या.

ब्रशच्या बाबतीत लोक हमखास फसतात. दुकानदार ड्रिल मशीनचा ब्रश घासून मापाचा करून देतो. तो २३० व्होल्टचा, नुसता कार्बन. १२ व्होल्टला तांबं मिसळलेला ब्रश लागतो, तुटल्या जागी तांबूस दिसतो. सेल्फ-डायनॅमोवाल्याकडे मिळेल. साधा घातलात तर मोटर फिरेल, पण दम नसेल आणि कम्युटेटर तापेल.

सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे ॲल्युमिनियमच्या बॉडीतले स्टेनलेसचे बोल्ट. खाऱ्या पाण्यात दोघांचं जमत नाही, आत पांढरी बुकटी धरते आणि बोल्ट एकजीव होतो. पान्याला पाइप लावून जोर करू नका. हीट गन, गंजाचं तेल, एक दिवस थांबा, परत हीट गन. तरी एक तुटणारच, मनाची तयारी ठेवा. परत बसवताना मध्ये पेस्ट लावल्याशिवाय कसू नका.

रेवस_रिटर्न

'एक तुटणारच, मनाची तयारी ठेवा.' हे मी फ्रेम करून दुसऱ्या भागीदाराला देणार आहे.

भंगार_भक्त

दारूखान्यात बघितलं का? रे रोडला जहाजांचं काय वाटेल ते मिळतं. मी तिथून पितळी पोर्टहोल आणला, बाथरूमला लावलाय.

चीफ_निवृत्त

दारूखान्यात विंडलास नक्की मिळेल. तो ठेवायला यांच्या होडीएवढ्या दहा होड्या लागतील. मालवाहू जहाजाचा विंडलास मिनिटाला निदान ९ मीटर साखळी ओढतो आणि त्या साखळीची एक कडी यांच्या नांगराहून जड असू शकते.

व्होल्टेज_भाऊ

दोन गोष्टी, घाईत.

१. लोहार चाळीतून घरगुती एमसीबी आणून १२ व्होल्टला लावू नका. एसीची ठिणगी दर अर्ध्या आवर्तनाला आपोआप विझते, डीसीची विझत नाही. आतले संपर्क चिकटू शकतात आणि गरजेच्या वेळी एमसीबी नीट तोडेलच असं नाही. डीसीचा, १०० अँपिअरच्या आसपासचा ब्रेकर घ्या, बॅटरीजवळ बसवा.

२. नाळेवरच्या पायबटणाचं रबर उन्हाने तडकतं, आत पाणी जातं आणि होडीवर कुणी नसताना विंडलास स्वतःच सुरू होतो. बघितलंय. साखळी पूर्ण वर, नांगर रोलरला टेकलेला, तरी मोटर ओढतेय, ओढतेय. धूर निघाला तेव्हा शेजारच्या होडीवाल्याने आयसोलेटर (बॅटरीचा मुख्य स्विच) पाडला. उतरताना तो बंद करायची सवय लावा.

मिनारवाली_मावशी

माझा भाचा असाच बटणाशी खेळत होता. साखळीवरची प्लास्टिकची पिशवी काढायला गेला आणि करंगळीचं टोक गेलं. मुलं असली की नाळेवर कुणालाही जाऊ देऊ नका. मशीन नवं असो की जुनं.

अर्धा_खलाशी

मावशी, वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे चप्पल घालून नाळेवर जायचं नाही असा नियम होता. त्यात भर घातली, पिशवी दिसली तर आधी आयसोलेटर, मग हात.

(आणि पिशव्या दर वेळी येतातच. एकदा साखळीबरोबर अख्खी साडी आली होती, काठपदरासकट.)

व्होल्टेज_भाऊ

केबलचं राहिलं. टिन्ड (कथिलाचा मुलामा दिलेली) केबल परवडली तर उत्तम. नाहीतर वेल्डिंगची केबल चालते, बारीक तारांची आणि लवचिक असते, पण तांबं उघडं असल्याने टोकाकडून हिरवी पडत जाते. लग हायड्रॉलिक क्रिंपने दाबा, वरून गोंदवाली हीट-श्रिंक. डाग देऊन जोडू नका, तापलं की डाग वितळतो.

पाटकर_बोरिवली

वेल्डिंगची केबल माझ्या मेव्हण्याच्या होडीत सात वर्षं आहे. काही झालं नाही.

व्होल्टेज_भाऊ

मेव्हण्याने शेवटचा नांगर कधी टाकला?

पाटकर_बोरिवली

सात वर्षांपूर्वी.

शब्दवेडी

अवांतर: क्रेनवाले ओरडतात ते 'हाबीस' आणि 'आरिया' जहाजावरूनच आलं का?

चीफ_निवृत्त

हो, खलाशांच्या 'लस्करी' बोलीतून (लस्कर म्हणजे इंग्रजांच्या जहाजांवरचे आपल्याकडचे खलाशी, फौजेशी संबंध नाही). हाबीस म्हणजे ओढ, आरिया म्हणजे सोड. आरियाचं मूळ पोर्तुगीज. आपला तांडेलही इंग्रजांच्या जहाजांवर 'टिंडल' होऊन सारंगाच्या हाताखाली काम करत होता. माझा पहिला सारंग रत्नागिरीकडचा. नाळेवर उभा राहून असा 'हाबीस' द्यायचा की विंडलास आवाजानेच फिरतोय असं वाटावं.

तांडेलाची_लेक

आजोबा हेच सांगायचे. बोटीवर चढताना तांडेल, उतरताना टिंडल.

अर्धा_खलाशी | ४ ऑगस्ट

रविवारचा अहवाल. तिघेही होतो, पावसात, ताडपत्रीखाली.

साखळी भिंतीच्या कडीला अडकवून भार दिला. बॅटरीवर १२.३ व्होल्ट, मोटरवर ८.९. चीफसाहेब, तुमचं तोंड गोड करायला हवं. केबल १६ चौरस मिमीचीच निघाली. लग उघडला तर आत काळी राख.

हातोडीने ठोकलं तर मोटर फिरली. उघडल्यावर चारांतला एक ब्रश घरात अडकलेला, बाकीचे नखाएवढे उरलेले. मोटर जुन्या पद्धतीची, तीन टर्मिनलांची. कॉन्टॅक्टरपेटीवाल्याने दोन टर्मिनलांची पेटी माथी मारायचा प्रयत्न केला, वेळीच लक्षात आलं. दोन टर्मिनल असतात ती चुंबकाची मोटर, तिची दिशा उलटवायची पद्धत वेगळी.

गिअरपेटीचं तेल: इराण्याकडचा चहा. वरची साय धरून.

बोल्ट: सहांपैकी एक तुटला. लेथवाले, तुमची जीभ काळी आहे.

लेथवाला_माझगाव

मी दोन धरले होते. नशीबवान आहात.

चीफ_निवृत्त

साखळी मोजली का? दहा कड्या ताठ धरून, बाहेरून बाहेर.

अर्धा_खलाशी

२५६ मिमी.

चीफ_निवृत्त

म्हणजे दहा कड्यांचे २४० आणि दोन जाड्यांचे १६. कडीचं अंतर २४ मिमी, युरोपीय मापाची ८ मिमी साखळी. तुमचा विंडलास इंचांच्या जमान्यातला, त्याची जिप्सी पाच-सोळांश इंची साखळीची असणार. तिची कडी थोडी लांब. दोन-तीन खाचा चालून जातं, मग कडी खाचेच्या कडेवर चढते आणि सुटते. आधीच्या मालकाने साखळी बदलली आणि जिप्सी बदलली नाही.

१० मिमीत आणखी गोंधळ आहे. दोन मानकं, एकाचं अंतर २८, दुसऱ्याचं ३०. दुकानात दोन्हींना '१० मिमी' म्हणतात. ज्याला साखळी घ्यायची आहे त्याने जिप्सी पिशवीत घालून दुकानात जावं. आणि बाजारातली साधी साखळी घेऊ नये, तिच्या कड्या एकमेकींशीही जुळत नाहीत.

रेवस_रिटर्न

बघा. मोटर, केबल, पेटी, सील, बेअरिंग, बोल्ट आणि आता जिप्सी. म्हणजे जुन्या विंडलासमधलं काय ठेवणार आहोत आपण? नाव?

लेथवाला_माझगाव

बॉडी आणि वर्म-गिअर. वर्मचे दात चांगले असतील तर ते ठेवण्यासारखं आहे, असं जड काम आता कमी वजनाच्या विंडलासमध्ये दिसत नाही. दुसरं, नवा उभा घेतलात तर डेकला नवीन भोकं पडतील, जुनी बुजवावी लागतील. डेकच्या पोटात बाल्साचं लाकूड असेल तर भोकाच्या कडा इपॉक्सीने बंद केल्याशिवाय पाणी शिरून लाकूड कुजतं. खाली साखळी पडायला खोलीही लागते, नाहीतर ढीग वर येऊन पाइपात अडकतो. पावणेतीन लाखांत हे धरलंय का विचारा.

जिप्सी मी ओतून देईन. गनमेटलची. मला नुसतं माप नको, मीटरभर साखळीच आणून द्या. लाकडी नमुना साखळीवर बसवूनच करतो. ओतल्यावर धातू आकसतो, साधारण दीड टक्का, तो नमुन्यात धरावा लागतो. पहिलं ओतकाम जमेलच असं नाही.

रेवस_रिटर्न

'जमेलच असं नाही.' फ्रेम क्र. २.

चीफ_निवृत्त

रेवसभाऊ, एका गोष्टीत मी तुमच्या बाजूने आहे. ॲल्युमिनियमची बॉडी नीट तपासा. बोल्टाच्या भोकापाशी तडा असेल तर सगळं थांबवा आणि नवा घ्या. चाळीस वर्षं मीठ प्यायलेल्या ॲल्युमिनियमला वेल्डिंग धरत नाही. तडा नसेल तर दुरुस्त करा, पण तीन वर्षांचा करार समजा आणि दरमहा काही बाजूला टाका. जहाजावर याला नियोजन म्हणतात, घरी याला भिशी म्हणतात.

अर्धा_खलाशी | २९ सप्टेंबर

तडा नाही. भिशी सुरू झाली आहे. खजिनदार रेवस_रिटर्न.

खर्च: ३५ चौरस मिमी केबल आणि लग सात हजार, कॉन्टॅक्टरपेटी नऊ, डीसी ब्रेकर साडेतीन, ब्रश-सील-बेअरिंग अडीच, स्लीव्ह आणि तुटलेला बोल्ट काढणं दोन, जिप्सी सोळा. एकूण चाळीस हजार. पाच हजारवाल्या भागीदाराने दोन दिवस फोन उचलला नाही.

जिप्सीचं पहिलं ओतकाम फसलं, आत हवेची भोकं निघाली. दुसरं बसलं. साखळी हाताने फिरवून बघितली तर कड्या अशा बसतात, जणू वाटीत वाटी.

एक गोष्ट नवीन शिकलो. साखळीचं आतलं टोक आमच्याकडे स्टीलच्या शॅकलने (बोल्टाच्या कडीने) पक्कं केलेलं होतं. चीफसाहेबांनी फोनवर झापलं. आता तिथे दोराचा तुकडा आहे, डेकपर्यंत पोचेल एवढा लांब. उद्या नांगर सोडून पळायची वेळ आली तर कोयता मारता आला पाहिजे.

रेवस_रिटर्न

खर्चात अकरा रविवार धरायचे राहिले. माझ्या बायकोने धरलेत.

तांडेलाची_लेक

आमची बोट नारळी पुनवेलाच बाहेर पडली. बाबा विचारतात, इंग्लिश मशीन फिरलं का?

अर्धा_खलाशी | १९ ऑक्टोबर

फिरलं! काल मांडवा. ओहोटीला पाणी साडेचार मीटर, भरतीला आणखी चार चढणार, नाळेची उंची एक, म्हणून ५० मीटर सगळी साखळी सोडली. आज सकाळी इंजिनाने पुढे गेलो, साखळी उभी केली, मग बटण. मोटरवर ११.६ व्होल्ट. एकदाही दात सुटला नाही. तुमच्या बाबांचं वाक्य नाळेवर रंगवून घेणार आहे.

मूळ प्रश्नाचं उत्तर मात्र तिघांत अजून एक नाही. पाच हजारवाला म्हणतो दुरुस्ती जिंकली. रेवस म्हणतो, जुन्या खोक्यात नवाच विंडलास बसवलात, फक्त पावत्या सुट्या सुट्या घेतल्यात.

चीफ_निवृत्त

दोघेही बरोबर. परत आल्यावर गोड्या पाण्याने धुतला का?

अर्धा_खलाशी

...उद्या धुतो.

चीफ_निवृत्त

आज.

ठाण्याचा_किशोर

तीन महिने धागा वाचतोय, आता होडीवर यावंसं वाटतंय. पोहता येत नाही, शिडातलं काही कळत नाही. पण नांगर ओढायला दणकट माणूस लागत असेल तर मी आहे.

रेवस_रिटर्न

किशोरभाऊ, मेमध्ये यायला हवं होतंत. आता तिथे बटण आहे. पण अकरा रविवारांची भांडी घासायची राहिलीत, या.